होऊ घातलेल्या जावयाचे बूट

ताम्हणेकाकूंनी इडलीचा पहिला तुकडा चटणीत बुडवला, तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबवला. त्यांच्या नाकपुड्या दोनदा हलल्या. मग तो तुकडा त्यांनी बशीत परत ठेवला आणि आमच्या हॉलचे चारही कोपरे एकेक करून न्याहाळले.

"तुमच्याकडे ड्रेनेजचा काही त्रास आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"छे छे!" बाबा म्हणाले. "मागच्याच वर्षी सोसायटीनं सगळी लाइन नवीन टाकली."

"नाही, मला आपलं वाटलं." काकूंनी पदराचं टोक नाकाशी नेलं. "आमच्याकडे स्वच्छतेचं फार आहे. आणि ऋत्विजचं तर काय सांगू, लहानपणापासून कुठं जरा वास आला की त्याला मळमळतं."

ऋत्विजला मळमळत नव्हतं. तो तिसरी इडली खात होता. त्याचे वडील पेपर वाचत होते, दुसऱ्याच्या घरी मुलगी बघायला गेल्यावरही पेपर वाचता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी समोर आईची मोरपंखी साडी नेसून बसले होते. मे महिना होता, नाशिकला त्या वर्षी उन्हानं कहर केला होता आणि मला तिशी लागली होती. आमच्या नातेवाइकांच्या मते यातली तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर होती. पोहे सगळेच करतात म्हणून आईनं इडली केली होती. आणि मला, खरं सांगायचं तर, ऋत्विज आवडला होता. लपवून काय करू? आम्ही फोनवर बऱ्याचदा बोललो होतो, तो हसवायचा, माझं बोलणं मध्येच तोडायचा नाही, पुण्यात चांगली नोकरी होती. पत्रिका आधीच जुळवून घेतली होती. आज फक्त रीत म्हणून बघायला आले होते, संध्याकाळपर्यंत होकार यायचा होता. आईनं पेढेसुद्धा आणून फ्रीजमध्ये लपवले होते.

लपवलेली अजून एक गोष्ट घरात होती. माझा धाकटा भाऊ पुष्कर.

पुष्कर इंजिनिअर. एका कंपनीत वर्षभर चिकटला, मग ती सोडून त्यानं कॉलेज रोडला दुकान टाकलं. नाव 'चकाचक'. तिथे तो लोकांचे बूट धुवायचा. आता अशी दुकानं जागोजागी झालीत, तेव्हा नाशकात हे एकच होतं, आणि बाबांच्या मते ते एकही जास्तच होतं. बाबा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. "सबनिसांच्या घरात आजवर कुणी कुणाच्या पायताणाला हात लावला नाही," हे वाक्य ते रोज जेवताना एकदा म्हणायचे. बाहेर मात्र "मुलगा केमिकल लाइनमध्ये आहे" असं सांगायचे. माझ्या माहितीपत्रकातही तेच छापलं होतं. आणि ताम्हण्यांना त्यांनी सांगितलं होतं, की तो नेमका एका प्रदर्शनासाठी अहमदाबादला गेलाय, साखरपुड्याला भेटेलच. साखरपुडा झाला की पुढचं पुढे बघू, असा त्यांचा हिशोब.

पुष्करनं सकाळीच दुकानावर जायचं ठरलं होतं. पण तो उठला उशिरा, आणि ताम्हणे आले तासभर आधी. बेल वाजली तशी बाबांनी त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात ढकललं आणि दार लोटून घेतलं. त्याच्या बाटल्या, ब्रश, फवारे असलेलं खोकं मागच्या बाल्कनीतल्या वॉशिंग मशिनमध्ये कोंबलं. मग शर्टाची इस्त्री हातानं सारखी करत त्यांनी हसतमुखानं दार उघडलं.

ऋत्विज दारातच थबकला होता. बाहेरच्या चपलांच्या स्टँडकडे पाहून म्हणाला, "काका, बूट आत ठेवले तर चालतील? थोडे... वेगळे आहेत."

"ठेवा की! आपलंच घर समजा."

दारातून आत आल्यावर आमच्याकडे छोटा पॅसेज आहे. पॅसेजच्या टोकाला कूलर, आणि कूलरचं तोंड हॉलकडे. ऋत्विजनं कूलरच्या मागे एक वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर आपले बूट ठेवले. करड्या रंगाचे, मऊ लवेच्या कातड्याचे, खाली जाडजूड पांढरा तळ. टाचेला टाच लावून, नाडीची टोकं आत खोचून. आईनं फटीतून हे पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "किती व्यवस्थित मुलगा गं!"

तर असा तो कूलर मागून हवा ओढत होता आणि हॉलमध्ये पाठवत होता.

मी चटणीचं भांडं घ्यायच्या निमित्तानं आत गेले. आई सिंकमध्ये उकळतं पाणी ओतत होती.

"काहीतरी मेलंय," ती कुजबुजली. "पाल असेल. आजच मरायचं होतं तिला!"

पुष्कर फ्रीजला टेकून खाली बसला होता आणि इडल्या खात होता. "ड्रेनेज नाही, पाल नाही," तो म्हणाला. "बूट आहेत. स्वेडचे, म्हणजे लवेच्या कातड्याचे. बिनमोज्याचे घालतो, आणि पुण्याहून नाशिकपर्यंत गाडीत पाय बुटातच ठेवले त्यानं."

"वासावरून स्वेड कळतो तुला?" मी विचारलं.

"नाही, ते फटीतून दिसलं. बाकीचं वासावरून."

तेवढ्यात पाणी न्यायच्या निमित्तानं बाबा आत आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "त्या बाई आता मला विचारतायत, तुमच्या घरात सूर्यप्रकाश येतो का! त्यांना वाटतंय वास आपल्या घराला आहे."

"अहो, मग सांगा की, तुमच्या चिरंजिवांच्या बुटांचा आहे," आई म्हणाली.

आम्ही तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तीच गप्प झाली. मुलीकडच्यांनी मुलाच्या पायाला वास येतो म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. मुलगा लंगडा असेल तर सावकाश चालतो म्हणायचं, टकला असेल तर कपाळ मोठं म्हणायचं. वासासाठी मात्र अजून कुणी शब्द शोधलेला नाही.

मग आमच्या स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात, एक बैठक झाली.

"डांबराच्या गोळ्या टाका दोन-दोन," बाबा म्हणाले. "ट्रंकेत आहेत."

"म्हणजे त्याचे पाय आमच्या रजयांसारखे वास मारतील," पुष्कर म्हणाला.

"टाल्कम पावडर?" आईच्या हातात डबा तयारच होता.

"ओल्या बुटात पावडर टाकलीस तर लगदा होईल. आणि चालायला लागला की जिन्यावर पांढरी पावलं उमटतील."

"लक्ष्मी आल्यासारखी," मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडे रागानं पाहिलं.

"माझं ते परदेशी सेंट आहे," बाबा म्हणाले. "मारा चार फवारे."

"बाबा, वासावर सेंट मारलं की दोन वास होतात. पहिला जात नाही, त्याला फक्त सोबत मिळते."

"मग साबण! साध्या कपड्याच्या साबणानं धुऊन टाक!"

"स्वेडला पाणी लावायचं नसतं. आणि कपड्याच्या साबणानं तळाचा डिंक पिवळा पडतो. ब्लीचनं तर..."

"भाषण नको!" बाबा दात-ओठ खात म्हणाले. "एकच सांग. काय करायचं?"

पुष्करनं हात पुसले. हा प्रश्न बाबांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "बूट आत आणायचे. वास आतल्या तळव्यात असतो, तो काढून वेगळा धुवायचा, सौम्य शाम्पूच्या नुसत्या फेसानं. वरच्या स्वेडला कोरडा ब्रश, आणि डाग खोडरबरानं. मग माझा फवारा, मग गार हवेवर ड्रायर. अर्धा-पाऊण तास द्या."

"पाहुण्याचे बूट उचलून आत आणायचे? लोकांच्या पायताणाला हात लावायची ही वेळ आहे?"

"बाबा, मी दिवसभर तेच करतो."

"म्हणूनच म्हणतोय!"

आईनं गॅस बारीक केला आणि निर्णय दिला. "शलाका, आण ते बूट."

मी ट्रे घेऊन हॉलमध्ये गेले, सगळ्यांना चटणी वाढली. ऋत्विजनं माझ्याकडे पाहून हळूच डोळे मिचकावले आणि मला वासाचाही क्षणभर विसर पडला. परत येताना पॅसेजमध्ये वाकले, दोन्ही बूट उचलून पदराखाली घेतले आणि वर रिकामा ट्रे धरला. इतक्या जवळून तो वास आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी श्वास रोखून, पाठ ताठ ठेवून, अगदी हळू पावलं टाकत स्वयंपाकघराकडे निघाले.

मागून काकूंचा आवाज आला, "चाल छान आहे हं मुलीची. शालीन आहे."

पुष्करनं ते बूट हातात घेतले आणि दिव्याखाली फिरवून पाहिले. वॉशिंग मशिनमधून त्याचं खोकं बाहेर आलं. निळे हातमोजे, अॅप्रन, चार जातींचे ब्रश. बाबांच्या शब्दकोड्याच्या पेटीतला खोडरबर त्यानं मागून घेतला, आणि बाबांनी तो देताना मान दुसरीकडे वळवली. सौम्य शाम्पू म्हणून त्याला माझाच सापडला. जो मी फक्त सणावाराला वापरत असे, तो ऋत्विजच्या तळपायाच्या कामी आला. होणारा नवरा म्हणून मी तेही सोसलं.

वीसेक मिनिटांनी ड्रायरचा आवाज सुरू झाला. हॉलमधून काकूंनी विचारलं, "कसला हो आवाज?" त्याबरोबर आईनं मिक्सर लावला. "ताजी चटणी वाटतेय!" ती ओरडली. ड्रायर थांबला की मिक्सर थांबायचा, ड्रायर लागला की मिक्सर. त्या दिवशी आमच्याकडे एवढी चटणी झाली, की खालच्या मजल्यापर्यंत वाटावी लागली.

इकडे हॉलमधला वास विरत चालला होता. काकूंनी पदर नाकावरून काढला, इडली संपवली आणि मोठ्या मनानं म्हणाल्या, "दोघांना जरा बोलू दे ना गॅलरीत."

गॅलरीत ऋत्विज कठड्याला टेकून उभा राहिला. "कशी वाटली आई?"

"सूक्ष्म नजर आहे," मी म्हणाले.

"नाक जास्त सूक्ष्म आहे." तो हसला, मीही हसले. मग बोलणं फोनवरच्यासारखंच त्याच्या लाडक्या विषयावर, बुटांवर गेलं. घरी त्याचे कितीतरी जोड होते, एकेक खोक्यात, एकेका कापडी पिशवीत. लग्नानंतर एक खोली फक्त बुटांची करायची, असं त्याच्या मनात होतं. "पण धूत नाही मी कधी," तो म्हणाला. "पुण्यात एकाकडे दिला होता, त्यानं वाटच लावली. विश्वासाचा माणूस मिळत नाही गं."

"माझ्या ओळखीत एक आहे," मी म्हणाले. जिभेवर आलेलं तेवढंच बाहेर पडलं.

"चांगला आहे?"

"बडबड फार करतो. पण हात चांगला आहे."

"भेटव ना मला. असे लोक म्हणजे कलावंत असतात, आपल्याकडे त्यांना किंमत नाही." तो हे इतक्या मनापासून म्हणाला, की माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, साखरपुड्याची वाट बघायची काही गरजच नाही. चहा झाला की आपणच सांगून टाकू.

चहा झाला. ताम्हणेकाकांनी पेपरची घडी केली. सगळे उठले, ऋत्विज पॅसेजमध्ये गेला आणि तिथून एक किंकाळी आली.

"माझे बूट!"

कूलरच्या मागे नुसतं वर्तमानपत्र फडफडत होतं. ऋत्विजचा चेहरा पांढराफटक पडला. जगात असे मोजकेच जोड आहेत, मित्रानं अमेरिकेत रात्रभर रांगेत उभं राहून घेतले होते, असं तो भिंतीला धरून सांगू लागला.

"आमच्याकडे असं कधी होत नाही," काकू म्हणाल्या. "घरात कोण कोण येतं तुमच्या?"

"कुत्र्यानं नेले असतील," बाबा घाईघाईनं म्हणाले. "खालचा मोती. फार चावतो चपला."

"चावतो?" ऋत्विज मटकन स्टुलावर बसला.

आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं. पुष्करला आतून सगळं ऐकू येत होतं, पण कुत्र्यानं बूट चावल्याचं त्याला ऐकवेना असावं. तो अॅप्रन आणि हातमोज्यांसकट बाहेर आला. उजव्या तळव्यावर एक बूट, डाव्यावर एक. त्यानं ते ऋत्विजच्या पुढ्यात धरले.

मी माझ्या भावाची चेष्टा करण्यात आयुष्य घालवलंय, पण ते बूट बघण्यासारखे झाले होते. लव एका दिशेनं बसलेली, तळ दुधासारखा. ऋत्विजनं एक बूट घेतला, उलटसुलट केला. मग सगळ्यांच्या देखत त्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. देवघरातही मी कुणाला इतकं तल्लीन झालेलं पाहिलं नाही.

"कुणी केलं हे?" तो म्हणाला.

"पण हा कोण?" काकूंनी विचारलं.

पुष्करनं बाबांकडे पाहिलं. आईनं बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. अहमदाबाद, केमिकल लाइन, प्रदर्शन, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. आता एकदम मुलगा कुठून आणायचा?

"हा होय?" बाबा म्हणाले. "हा आपला... कामाला असतो आमच्याकडे."

पुष्कर काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. फेस, डिंक, फवारा, काहीही. ज्याचं तोंड झोपेतही बंद नसतं, तो माझा भाऊ नुसती मान खाली घालून उभा राहिला.

"कामाला?" काकू दोन पावलं मागे सरकल्या. "पण हा तर स्वयंपाकघरातून आला! बूट तिथे धुतले? अहो, आम्ही इडल्या खाल्ल्या तुमच्याकडच्या!" मग आवाज खाली आणून, जणू आईच्या भल्यासाठी सांगतायत अशा सुरात म्हणाल्या, "हे असलं काम करणाऱ्यांना आत नाही घेऊ वहिनी. काम झालं की दाराबाहेर चहा द्यायचा. कप वेगळा ठेवायचा एक."

ताम्हणेकाका छताकडे बघत होते.

मी ऋत्विजकडे पाहिलं. कलावंत म्हणाला होता ना? आता म्हण. पण त्यानं आपल्या आईचं बोलणं ऐकलंच नसावं, तो नाडी बांधत होता. बांधून झाल्यावर उठला, खिशातून पाकीट काढलं, एक नोट ओढली आणि पुष्करच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. "मस्त काम केलंस रे. घे, ठेव तुला."

पुष्करनं हात पुढे केला नाही. नोट हवेत तशीच राहिली.

"घे ना," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटका होता. "साहेब देतायत तर घे."

साहेब! त्या शब्दानं माझं डोकं फिरलं. पुण्याचा संसार, गॅलरीतलं हसणं, संध्याकाळचे पेढे, सगळं एका बाजूला झालं.

"थांब पुष्कर," मी म्हणाले. "अशी नाही घ्यायची. आधी कान."

"कसला कान?" काकूंनी विचारलं.

"कानपिळी हो काकू. लग्नात लाजाहोमाच्या वेळी मुलीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, आणि मग नवरा मुलगा त्याला आहेर देतो. आधी कान, मग आहेर. तुमच्याकडे रीत नाही का? हा माझा सख्खा भाऊ. कॉलेज रोडला याचं बूट धुवायचं दुकान आहे. ऋत्विजनी आहेर आधीच काढलाय, तेव्हा कान पिळायचा राहायला नको."

ऋत्विजनं माझ्याकडे पाहिलं, पुष्करकडे पाहिलं, क्षणभर त्याला हसू फुटेल असंही वाटलं. हसला असता तर कोण जाणे, आज मी पुण्यात असते. पण त्यानं मान वळवून आपल्या आईकडे पाहिलं.

"पीळ रे," मी म्हणाले.

पुष्करनं एकवार बाबांकडे पाहिलं. बाबा कूलरकडे बघत होते. मग तो एक पाऊल पुढे झाला, निळ्या हातमोज्यातल्या दोन बोटांत त्यानं ऋत्विजचा डावा कान धरला आणि पिळला. लग्नात नुसता हात लावल्यासारखं करतात, तसा नाही. चांगला, मुळापासून पिळला. कानाला माझ्या शाम्पूचा वास राहिला.

"आई गं!" ऋत्विज ओरडला.

"झालं," पुष्कर म्हणाला आणि त्यानं ती नोट घेतली. धंदेवाईक आहे तो. वर हेही म्हणाला, "मोजे घालत जा. आणि बूट लागोपाठ दोन दिवस घालू नका, वाळायला वेळ द्या."

ताम्हणे मंडळी जिना उतरताना काकूंचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. संध्याकाळी फोन आला, की पत्रिका जुळत नाही. सकाळपर्यंत जुळत होती.

आईनं फ्रीजमधले पेढे काढले, एक पुष्करला दिला, एक मला. "माझ्या मोरपंखी साडीचं काय करायचं?" एवढंच तिनं विचारलं. ती साडी तीनदा ड्रायक्लीनला गेली, तेव्हा कुठे पुन्हा नेसता आली.

बाबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. पुष्करशी तर आधीही फारसं बोलत नव्हते. मीही त्यांच्याशी बोलायला गेले नाही. पोटच्या मुलाला 'कामाला असतो' म्हणणाऱ्या बापाशी काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं, आणि रात्री पडल्या पडल्या मी रडायचेही, कारण ऋत्विज मला खरंच आवडला होता. मग एका रविवारी वॉशिंग मशिनवर बाबांचे सकाळी फिरायला जायचे बूट ठेवलेले दिसले. कुणी ठेवले ते कुणी विचारलं नाही. पुष्करनं ते धुतले, बाबांनी ते घातले आणि फिरायला गेले. बाहेर मात्र केमिकल लाइन चालूच होती.

पुढे माझं लग्न सिन्नरच्या श्रीनिवासशी ठरलं. ते लोक बघायला आले तेव्हा पुष्करनं दारातच त्यांच्या चपलांची चौकशी केली, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये बाबांचे बँकेतले झाडून सगळे सहकारी पहिल्या रांगेत बसले होते, ज्यांना त्यांनी इतकी वर्षं केमिकल लाइन ऐकवली होती ते सगळे. होमापाशी गुरुजींनी मान वर केली.

"मुलीचा भाऊ कोण? या पुढे. कान पिळायचाय." पुष्कर येऊन बसला. गुरुजी बोलके होते, लाह्या सुपात ओतता ओतता त्यांनी विचारलं, "काय करता आपण?"

पुष्करनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मागून बाबांचा आवाज आला. माईक चालू होता, त्यामुळे तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"माझा मुलगा आहे. बूट धुतो."

पहिल्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. आईनं पदरानं डोळे पुसले, धुराचं निमित्त होतंच. पुष्करनं मागे वळून पाहिलं नाही, पण श्रीनिवासचा कान त्यानं धरला तो पिळायचं विसरून तसाच धरून ठेवला.

गुरुजी मात्र मंत्र म्हणायचे थांबले होते. त्यांनी माईकवर हात ठेवला आणि पुढे झुकून हळूच विचारलं, "पांढऱ्या बुटांचं करता का? जावयानं दिलेत. बाहेर ठेवलेत, पण त्यांचा वास काही केल्या जात नाही."

"मोजे घालता?" पुष्करनं विचारलं.

"धोतरावर कसले मोजे!"

"मग नुसत्या खाण्याच्या सोड्यानं भागायचं नाही गुरुजी. वर जाळीचं कापड आहे की कातडं? कातडं असेल तर व्हिनेगर अजिबात लावू नका. आधी आतला तळवा काढून..."

"अहो," श्रीनिवास म्हणाला, "आधी कान सोडा माझा."